सिकल लपवू नका, बायोडाटात लिहा

गेल्या महिन्यात आमच्या विहारात उपवर-वधू परिचय मेळाव्याचे फॉर्म तयार करायचे काम चालले होते. शिक्षण, नोकरी, उंची, वर्ण, रक्तगट, अपेक्षा, सगळ्यांसाठी ओळी होत्या. मी म्हटले, एक ओळ वाढवा: सिकलसेल तपासणी, एए, एएस की एसएस. खोलीत शांतता पसरली. मग एक ज्येष्ठ काका म्हणाले, "ताई, असं लिहिलं तर पोरींची लग्नं मोडतील."

काका खोटे बोलत नव्हते. मी स्वतः एसएस आहे. थंडीचे दिवस आले की हातापायांची हाडे आतून कोणी पिळावीत तशी दुखायची. शाळेत मला आळशी म्हणत. घरी कोणी वात म्हणे, कोणी बाहेरचे. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात माझ्यावरून लिंबूही उतरवला गेला, हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. अकराव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा कळले, आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे एएस. माझ्या आधीचा भाऊ दोन वर्षांचा असताना तापात गेला होता. तो कशाने गेला असावा याचा अंदाज आईला त्या दिवशी आला.

या आजारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर मरतात. म्हणून वेदना, म्हणून कावीळ, म्हणून रक्त कमी. तो स्पर्शाने पसरत नाही. मागच्या जन्मीच्या पापाने तर नाहीच. पूर्वजन्मीच्या कर्माची ती शिकवण बाबासाहेबांनीच नाकारली आहे. हा दोष आपल्यात टिकला कारण वाहक माणसाला मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या मुलखात आपले पूर्वज जगले, त्याची ही खूण आहे. १९५८ साली, नागपूरच्या धम्मदीक्षेला दोनच वर्षे झाली असताना, त्या भागातल्या महार समाजात सिकल असल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. आदिवासी समाजातही तो मोठ्या प्रमाणात आहे. म्हणजे साठहून अधिक वर्षांपूर्वीच डॉक्टरांना माहीत झालेली गोष्ट आपण आजही शेजारणीपासून लपवतो.

लपवल्याने काय होते? दोन एएस एकत्र आले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. एएस मुलीचे लग्न एए मुलाशी झाले तर मूल एसएस होत नाही. मग स्थळ मोडायचे कशाला? दोघांनी तपासणी करायची आणि जोडी बघायची. प्रत्यक्षात मात्र मुलीचा कागद मागतात आणि मुलाचा विचारत नाहीत. माझा राग त्यावर आहे. ओळ दोघांच्या फॉर्मवर हवी. आणि वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हेही घरोघर सांगायला हवे.

बोलणे दवाखान्यातही शिकावे लागते. एकदा रात्री वेदना सुरू झाल्यावर एका दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी "नाटक" म्हटले. तेव्हापासून माझ्या पिशवीत फाईल असते: इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट, नेहमीचे हिमोग्लोबिन, हायड्रॉक्सीयुरियाचा डोस. आता मी आधीच सांगते, मी एसएस रुग्ण आहे, वेदना अमुक वाजता सुरू झाली, मला ताप आहे किंवा नाही. आमच्यासारख्यांना ताप आला तर घरी वाट बघायची नसते. असे ठामपणे सांगितले की समोरच्याचा आवाज बदलतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्र मागता येते. ते मागायला लाजणारे पुष्कळ रुग्ण मला माहीत आहेत. सवलत नको असेल तर नका घेऊ, पण लाजेपोटी सोडू नका.

नागपूरचे संपत रामटेके यांनी मुलाच्या आजारातून सिकलसेलचे काम उभे केले, त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. घरातले दुःख त्यांनी चारचौघांत मांडले, म्हणून पुढे कित्येकांना तपासणी म्हणजे काय ते कळले. मला अभिमान आजाराचा नाही. एवढी वर्षे दुखणे अंगावर घेऊन मी शिकले, कमावते आहे आणि त्याबद्दल मान वर करून बोलते, त्याचा आहे.

तपासणी सोपी आहे. सरकारी आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीत एएस की एसएस ते कळते.

वाद घालून घालून ती ओळ शेवटी फॉर्मवर आली. बहुतेकांनी "माहीत नाही" असे लिहिले आहे. काकांनी नातवाचा फॉर्म भरून दिला, त्यात ती जागा तेवढी रिकामी आहे.