जीवासाठी लांबची, अजीवासाठी जवळची



कॅमेऱ्याच्या लेन्सवर मी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्या घराघरांत आता हा प्रश्न येऊ लागला आहे. नातू किंवा सून हौसेने कॅमेरा घेते, सोबत मिळालेल्या लेन्सने चार महिने घरातले फोटो काढते. मग पक्षी आणि फुलपाखरे खुणावू लागतात आणि पुढचा खर्च उभा राहतो. लांबचे जवळ आणणारी टेलिफोटो घ्यावी, की बारीक गोष्ट मोठी दाखवणारी मॅक्रो? दोन्ही महाग, आणि दोन्ही एकदम घेणे बहुतेकांना परवडत नाही. पैसे द्यायची वेळ आली की आजीला विचारतात, तेव्हा आजीनेही नीट विचार करून उत्तर द्यावे.

माझे मत आधीच सांगते. जीवांचे फोटो काढायचे असतील तर टेलिफोटो घ्यावी. मॅक्रो घ्यायचीच असेल तर ती अजीवासाठी घ्यावी.

आम्ही कोलशेतला राहणाऱ्यांना दोन्ही मोह हाताशी आहेत. खाडीकाठी बगळे आणि खंड्या दिसतात. ठाण्याच्या दुसऱ्या अंगाला ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ते २०१५ साली जाहीर झाले, क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. इकडे घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे. फुलपाखरांना लागणारी झाडे लावून ती बाग उभी केली आहे. येऊरचे रान तर आहेच. म्हणजे एकीकडे पंचेंद्रिय पक्षी, दुसरीकडे चतुरिंद्रिय फुलपाखरे. पाठशाळेत इंद्रियांवरून जीवांचे भेद पाठ केले होते, ते इथे डोळ्यांनी पाहता येतात.

आता लेन्सचा हिशेब. उदाहरणाला कॅननच्या दोन लेन्स घेऊ, दोन्ही २०२१ मध्ये आलेल्या. १०० मिलिमीटरची मॅक्रो वस्तूला तिच्या आकाराच्या १.४ पट मोठे करून कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर उतरवते. पण त्यासाठी भिंगाचे तोंड किड्याच्या इतके जवळ न्यावे लागते की मध्ये वीतभरही जागा उरत नाही. १००-४०० ची टेलिफोटो साधारण मीटरभरावरून ०.४१ पट चित्र देते. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात याचा अर्थ असा, की जेमतेम नऊ सेंटीमीटर रुंदीचा भाग पूर्ण चौकट भरून टाकतो. ब्लू मॉरमॉन म्हणजे नीलवंत हे आपल्या महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू. त्याचे पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटीमीटर भरतात. त्याच्यासाठी तर आणखी मागे सरावे लागेल! म्हणजे पक्ष्यांसाठी घेतलेली लेन्स फुलपाखरांनाही पुरते, आणि मध्ये दोन हातांचे अंतर राहते. एका वस्तूत दोन कामे होत असतील तर दुसरी कशाला आणायची? परिग्रहाचे परिमाण घेतलेल्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दोन हात आणि वीत यांतला फरक नुसता सोयीचा नाही. इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा फार पातळ असतो. डोळे स्पष्ट आले तर पंखाचे टोक धूसर होते. सगळेच स्पष्ट हवे असेल तर पाच-पंचवीस फोटो काढून संगणकावर जोडतात, आणि तेवढा वेळ किडा हलता कामा नये. मग काही जण काय करतात माहीत आहे? किड्याला डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे तो गारठून निपचित बसतो. फोटो सुंदर येतो, वर दवाचे थेंब म्हणून पाणी फवारलेले असते. पाहणारे वाहवा करतात. ज्या घरात पीठ चाळताना निघालेली अळी अलगद बाहेर नेऊन सोडतात, त्या घरातल्या मुलाच्या हातून हे होऊ नये एवढेच माझे म्हणणे आहे. शिवाय जवळ जायचे म्हणजे गवतात गुडघे टेकायचे, पावसाळ्यात ओल्या मातीवर कोपर रोवायचे. तिथे किती जीव असतात हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तर आपण चातुर्मासात पाऊल जपून टाकतो.

यावर एक चांगली हरकत आहे. मॅक्रोमधून मुंगीचा चेहरा एकदा पाहिला की माणूस मुंगीवर पाय देत नाही, दया वाढते, असे म्हणतात. ते खरे आहे. पण तो चेहरा एकदा पाहायला लेन्स विकत घ्यावी लागत नाही. कुणीतरी काळजीने काढलेला फोटो पाहूनही ते होते. दीड-दोन सेंटीमीटरचे फुलपाखरू टेलिफोटोत लहान येते, कबूल. आलेला फोटो कापून मोठा करावा. त्याहून बारीक असेल त्याला राहू द्यावे. प्रत्येक जीवाचा फोटो आपल्याकडे असलाच पाहिजे, ही हौसही परिग्रहातच मोडते.

टेलिफोटो हाती आली म्हणजे पाप सुटले, असे मात्र नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने फ्लेमिंगो पाहायला जाता येते. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते खात असतात, आणि तेवढीच त्यांची जेवणाची वेळ असते. माना खाली घातलेल्या थव्यापेक्षा उडणारा थवा फोटोत शोभतो, म्हणून बोट आणखी पुढे घ्या असा नावाड्याला आग्रह होतो. जेवत्या पानावरून पाहुण्याला उठवावे तसे हे आहे. काही जण फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून दुसऱ्या पक्ष्याला फसवून बोलावतात. घरट्याचे तर नावच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणे धरले आहे. बंदूक नसली तरी शिकार होते हे सरकारने कायद्यात लिहिले. आपल्याकडे तर हिंसेचे मूळ प्रमादात आहे हे फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

मग मॅक्रो वाईट का? मुळीच नाही. तिचे खरे काम आपल्या मंदिरांत आणि जुन्या पेट्यांत पडून आहे. धातूच्या लहान प्रतिमांच्या मागे किंवा पीठावर लेख कोरलेले असतात. त्यांत संवत, प्रतिष्ठा करविणाऱ्या कुटुंबाचे नाव, गुरूंचे नाव असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रक्षालाने ती अक्षरे झिजत चालली आहेत. मंदिराच्या विश्वस्तांची परवानगी घेऊन, फ्लॅश न वापरता, बाजूने हलका उजेड देऊन मॅक्रोने फोटो काढला तर डोळ्यांना न लागणारे अक्षरही वाचता येते. तसेच हस्तलिखित पोथ्यांचे. श्रुतपंचमीला आपण शास्त्रे बाहेर काढतो, झटकतो, नवे वेष्टन घालतो. त्याच दिवशी पानापानाचा फोटो का काढू नये? मॅक्रोची बनावट अशी असते की पानाच्या मधले अक्षर आणि कोपऱ्यातले अक्षर सारखेच स्पष्ट येते. इथे वीतभर अंतरावर जायला हरकत नाही, कुणी घाबरत नाही, कुणी उडून जात नाही. आणि हे काम वर्षातून चार दिवसांचे असल्याने त्यासाठी लेन्स भाड्याने आणावी किंवा मंडळाने मिळून एक घ्यावी.

थोडे खर्चाचे. लेन्स हे घसारा कमी असलेले सामान आहे. कॅमेरा दर दोन-तीन वर्षांनी जुना ठरतो, चांगली लेन्स तशी लवकर जुनी होत नाही. म्हणून विकत घेणार असाल तर लेन्सवर खर्च करा, कॅमेरा साधा चालेल. वर सांगितलेल्या टेलिफोटोचे वजन ६३५ ग्रॅम आहे. पक्ष्यांसाठी लोकप्रिय असलेल्या काही मोठ्या लेन्स दोन किलोंच्या वर जातात, त्या आपल्या मनगटांना झेपायच्या नाहीत. या हलकेपणाची किंमत उजेडात मोजावी लागते. ४०० ला ती f/८ वर असते, म्हणजे f/२.८ च्या मॅक्रोच्या एक अष्टमांश उजेड आत येतो. येऊरच्या दाट सावलीत आणि आषाढातल्या ढगाळ दुपारी फोटो थोडा खरबरीत येईल. येऊ द्यावा.

आणि बुरशी! आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. ती आल्यावर साफ करण्यापेक्षा येऊ न देणे बरे, खर्चाच्या दृष्टीने आणि धर्माच्या दृष्टीनेही. पावसाळ्याआधी पापड-सांडगे खणखणीत वाळवून घट्ट डब्यात भरतो, तसेच हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवावी. पट्टा आणि पिशवी कापडी किंवा नायलॉनची घ्यावी, चामड्याची नको. दुकानदार चामड्याची दाखवतोच, तेव्हा आधी विचारून घ्या.

तेव्हा घरात विचारणा झाली तर पैसे जरूर द्या. फक्त लेन्सबरोबर दोन अटी घाला. आपल्यामुळे जीवाने खाणे सोडले किंवा जागा सोडली, तर तो फोटो कुणाला दाखवायचा नाही. आणि वर्षातला एक दिवस कॅमेरा घेऊन मंदिरातल्या पोथ्यांपाशी बसायचे.

जय जिनेंद्र.