उलटा क्रूस कोणाचा?

बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रकाशित झाली. सीडीच्या राजवटीनंतर ती पुन्हा विनाइल तबकडीच्या रूपात निघते आणि प्रत्येक वेळी 'मूळ कृती परत मिळाली' असा गजर होतो. गूढविद्येने मोहित झालेले आणि तिला विटलेले, दोघेही या तबकडीला सैतानाची संहिता मानतात. दोघांचा प्रमाद एकच आहे. वेष्टनाने सांगितलेला अर्थ ते संहितेचा अर्थ समजतात.

मूळ ब्रिटिश वेष्टन उघडले की आत उलटा क्रूस दिसतो. त्यात छापलेला काव्यसदृश मजकूर ध्वनिमुद्रिकेतील कोणत्याही गीताचा भाग नाही. आणि क्रूसाची योजना आपल्याला न विचारता झाली, असे वादकांनी पुढे सांगितले आहे. शीर्षकगीताच्या आरंभीचा पाऊस, घंटा आणि गडगडाट हेही मूळ वादनाला नंतर जोडलेले. 'एन. आय. बी.' या शीर्षकाची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. ढोलवादक बिल वॉर्ड यांची दाढी टाकाच्या निबासारखी दिसे, या थट्टेतून आलेला तो शब्द. मध्ये टिंबे पडली आणि श्रोत्यांनी त्यातून 'नेटिव्हिटी इन ब्लॅक' ही गूढ संज्ञा शोधून काढली! विरामचिन्हे अर्थ कसा प्रसवतात, याचे याहून चांगले उदाहरण चिन्हमीमांसेच्या वर्गात कोणते देणार?

आता संहितेकडे वळू. शीर्षकगीताचा निवेदक सैतानाचा उपासक नाही; समोरच्या काळ्या आकृतीने भयभीत होऊन तो देवाचाच धावा करतो. 'एन. आय. बी.'मध्ये मात्र ल्युसिफर स्वतः बोलतो. पण निवेदक आणि कर्ता यांतील भेद विद्यार्थ्यांना शिकवणारे आपण, तबकडी हाती येताच तो विसरावा काय? या विस्मरणाची किंमत मोजावी लागते. याच बँडचे गायक ऑझी ऑस्बोर्न यांच्यावर, पुढे त्यांनी स्वतंत्रपणे गायिलेल्या एका गीताने तरुणाला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा दावा अमेरिकेत १९८०च्या दशकात गुदरला गेला. न्यायालयाने तो फेटाळला. समीक्षेने तो आधीच फेटाळायला हवा होता.

उरला स्वर. शीर्षकगीताची प्रमुख स्वरावली अशी: षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम. षड्ज ते तीव्र मध्यम या अंतराला युरोपीय परंपरेने 'संगीतातील सैतान' असे नाव दिले. यमन ऐकत वाढलेल्या कानाला तोच तीव्र मध्यम सायंकाळच्या प्रशांततेचा वाटतो. भय त्या स्वरांतरात वसत नाही. ते संकेतात, विलंबित लयीत आणि आघातात आहे.

यावर आक्षेप येईल : बार्थने १९६७ साली लेखकाचा मृत्यू घोषित केल्यावर 'क्रूस कोणी छापला' हा प्रश्न गैरलागू ठरत नाही काय? शिवाय जेरार झनेतने शीर्षक, वेष्टन, प्रस्तावना यांना संहितेचे 'उंबरठे' म्हटलेच आहे. मान्य, परंतु उंबरठा म्हणजे घर नव्हे. आणि कर्ता मेला म्हणून त्याचा वारसाहक्क प्रकाशकाकडे जात नाही.

मुळात 'मूळ' तरी कोणते? ब्रिटिश आवृत्तीतील 'ईव्हिल वुमन'च्या जागी अमेरिकी आवृत्तीत 'विकेड वर्ल्ड' आले आणि काही गीतांच्या खंडांना जादा शीर्षके चिकटवली गेली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे अभिमानाने सांगणाऱ्यांना पाठभेदाचे महत्त्व समजावण्याची गरज नसावी. पुनर्प्रकाशन हे संपादन असते. त्यातील निर्णय कोणाचे, हे विचारणे समीक्षेचे कामच आहे.

गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. घरी बनवलेल्या टोप्या बोटांवर चढवून ते तारा दाबत. ऑक्टोबर १९६९ मध्ये, एका दिवसात उरकलेल्या मुद्रणात त्या हाताचा आघात नोंदला गेला. वेष्टनावर त्याची खूण नाही. ती तबकडीच्या खाचांत आहे. क्रूस वाचण्यात गुंतलेल्यांनी तो हात अजून ऐकलेलाच नाही.