नांदूर मधमेश्वरचा गाळ काढायचा की ठेवायचा? आणि ठरवताना गावाला कोण विचारतं?

पावसाळ्यात ‘नांदूर मधमेश्वर’ हे नाव मोबाइलवर आकड्यासह येतं. गंगापूर, दारणा भरली की या बंधाऱ्यातून जायकवाडीकडे किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, याकडे अख्ख्या मराठवाड्याचं लक्ष असतं. हिवाळ्यात तेच नाव परदेशी पाहुण्या पक्ष्यांच्या फोटोंसोबत येतं. पाणी एकच, पण पहिल्या बातमीतला बंधारा जलसंपदा विभागाचा असतो आणि दुसऱ्या बातमीतलं अभयारण्य वन विभागाचं. फुगवट्याच्या कडेला ज्याची शेती आहे किंवा ज्याचं जाळं त्या पाण्यात पडतं, तो माणूस दोन्ही बातम्यांत सहसा नसतो. या पाणथळीचं व्यवस्थापन कसं करायचं, यात त्याला बोलायचा अधिकार किती, हे समजून घेण्यासाठी आधी ही जागा तयार कशी झाली ते पाहावं लागतं.

गाळानेच घडवलेली जागा

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, निफाड तालुक्यात, ब्रिटिश काळात हा बंधारा बांधला गेला. उद्देश सिंचनाचा. इथूनच गोदावरीचे डावा आणि उजवा कालवा निघतात. दोन नद्यांनी वर्षानुवर्षं आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. अभियंत्याच्या दृष्टीने साठवण क्षमता घटली. पक्ष्यांच्या दृष्टीने उत्तम दलदल तयार झाली. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. रामसर स्थळाचं क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे साधारण १४ चौरस किलोमीटर. अभयारण्य मात्र सुमारे १०० चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे नकाशावरच्या अभयारण्याचा मोठा भाग पाणी नाही. तिथे गावं, ऊस, कांदा आणि द्राक्षबागा आहेत.

वादाचं मूळ इथेच आहे. गाळ काढा, ही परिसरातल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. गाळामुळे पाणी मागे सरकतं आणि पुरात पिकं बुडतात, असं त्यांचं म्हणणं. २०१६ आणि २०१९ च्या गोदावरीच्या पुरांनंतर ते म्हणणं कोणी हसण्यावारी नेणार नाही. दुसरीकडे सगळा गाळ उपसला तर उथळ पाण्यात चरणारे पक्षी जातील, आणि ज्या कारणाने ही जागा राखीव झाली ते कारणच उरणार नाही. कुठला गाळ काढायचा, कुठला ठेवायचा, किती खोल जायचं, कोणत्या महिन्यात, याचं उत्तर एकट्या विभागाकडे नाही. पाणी कुठे चढतं आणि मासे कुठे अंडी घालतात, हे काठावरच्यांना माहीत असतं.

नियम आहेत, पण इथे लागू नाहीत

पाणथळींसाठी देशात २०१७ चे नियम आहेत. त्यानुसार राज्य पाणथळ प्राधिकरण शिफारस करतं, सरकार मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवतं आणि शिफारशीपासून २४० दिवसांत अंतिम अधिसूचना काढतं. परवानगी कशाला, बंदी कशाला, पाणथळीचं ‘प्रभावक्षेत्र’ कुठपर्यंत, हे त्यात ठरतं. कागदावर ही पद्धत बरी आहे.

मात्र याच नियमांत एक अट आहे. वन्यजीव कायदा, वन कायदे किंवा सागरी किनारा नियमन लागू असलेल्या भागातल्या पाणथळींना हे नियम लागू होत नाहीत. नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे, त्यामुळे ते बाहेर. रामसरचा शिक्का आहे, पण पाणथळ नियमांतला हरकतींचा दरवाजा बंद. रामसर यादीत नाव जाण्यासाठी आपल्याकडे जनसुनावणीची सक्ती नाही. सरकार माहिती पाठवतं आणि नाव लागतं. विशेष म्हणजे स्थानिकांच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं याच रामसर कराराने १९९९ मध्ये कोस्टा रिकातल्या परिषदेत मंजूर केली आहेत. ती तत्त्वं आहेत, कायदा नाही.

मग उरतो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यात विचारण्याच्या जागा आहेत, पण अरुंद. २०२२ च्या दुरुस्तीने कलम ३३ मध्ये अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यासाठी ग्रामसभेशी सल्लामसलत आली, पण ती अनुसूचित क्षेत्रात किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या भागात. निफाड तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणजे गावांना वनहक्क कायद्याचा आधार दाखवता आला तरच ही सल्लामसलत हक्काने मागता येईल.

कलम ३३ ब मात्र प्रत्येक अभयारण्यासाठी आहे. त्यानुसार राज्य सरकारने सल्लागार समिती नेमायची असते. तिच्यात वन विभागाचे अधिकारी, स्थानिक आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव क्षेत्रातल्या तीन व्यक्ती, मानद वन्यजीव रक्षक, शिवाय गृह आणि पशुवैद्यकीय विभागांचे एकेक प्रतिनिधी असतात. यादी पुन्हा वाचा. मासेमारांसाठी राखीव जागा नाही. आणि पाणी सोडणारा, अडवणारा जलसंपदा विभाग या यादीतच नाही! जंगलातल्या अभयारण्यासाठी ही रचना चालून जाईल. ज्या अभयारण्याचा जीव बंधाऱ्याच्या दरवाजांवर आहे, तिथे ती अपुरी आहे.

गाळ काढण्याचा निर्णयही सोपा नाही. कलम २९ नुसार अभयारण्यातला अधिवास बदलायचा किंवा पाण्याचा प्रवाह वळवायचा, थांबवायचा, वाढवायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. तोही ते काम वन्यजीवांच्या भल्यासाठी आवश्यक आहे, अशी राज्य सरकारची वन्यजीव मंडळाशी सल्लामसलत करून खात्री झाली तरच. ‘शेत बुडतं’ हे कारण या कलमात बसत नाही. पूर आणि गाळ या दोन्हींचा विचार करणारा आराखडा असेल तरच वाट निघते.

न विचारल्याची किंमत: खरं भरतपूर

नांदूर मधमेश्वरला कौतुकाने ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात. राजस्थानातल्या मूळ भरतपूरमध्ये, केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, काय झालं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये उद्यानात गुरं चारायला बंदी झाली. पिढ्यान् पिढ्या म्हशी आत नेणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे जीव गेले. बंदी कायम राहिली. पुढे बीएनएचएसच्या दीर्घ अभ्यासातून दिसलं ते असं: म्हशी थांबल्यावर पाण्यात एक गवत बेसुमार माजलं, उघडं पाणी आक्रसलं आणि पक्ष्यांनाच त्रास झाला. म्हशी त्या पाणथळीच्या व्यवस्थेचा भाग होत्या, हे बंदीआधी कोणी गुराख्यांना विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं.

दुसरा धक्का पाण्याचा होता. वरच्या बाजूच्या पांचना धरणातून उद्यानाला पाणी सोडायला तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि २००० नंतरच्या दशकात उद्यान कोरडं पडू लागलं. जागतिक वारसा यादीतलं नाव त्या वेळी उपयोगी पडलं नाही.

उलट उदाहरण ओडिशातलं चिलिका. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राला जोडणारं नवं मुख उघडलं, खारेपणा सुधारला, मासळी वाढली आणि २००२ मध्ये धोक्यातल्या रामसर स्थळांच्या यादीतून चिलिकाचं नाव निघालं. तिथे मच्छीमारांचं पोट आणि सरोवराची तब्येत एकाच दिशेने गेली. झिंगा शेतीच्या घेरींवरून भांडणं तिथेही आहेत, पण सरोवरासाठी एक स्वतंत्र विकास प्राधिकरण असल्याने निदान कुठे भांडायचं ते लोकांना माहीत आहे.

हरकत कोणत्या भाषेत घ्यायची?

अभयारण्यांभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठरवताना मात्र हरकती मागवाव्याच लागतात. केंद्राच्या गॅझेटमध्ये मसुदा येतो आणि ६० दिवस मिळतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याभोवतीचं ४८.३२ चौरस किलोमीटरचं क्षेत्र २०२१ मध्ये असंच ठरलं. या अधिसूचनांत शेती किंवा राहती घरं बंद होत नाहीत. खाणी, प्रदूषणकारी उद्योग आणि बहुतेक ठिकाणी नव्या वीटभट्ट्यांवर बंदी येते. अंतिम अधिसूचनेनंतर दोन वर्षांत स्थानिकांशी चर्चा करून विभागीय बृहद् आराखडा करायचा असतो. जमिनीवर कुठे काय चालेल, हे खऱ्या अर्थाने त्यात ठरतं. तरी गावं पहिल्या मसुद्यावर चिडतात आणि आराखड्याच्या वेळी कोणीच विचारत नाही.

अडचण अशी की केंद्राचं गॅझेट हिंदी आणि इंग्रजीत असतं. पंधरा-वीस पानांची पीडीएफ, त्यात अक्षांश-रेखांशांचे तक्ते. गट क्रमांकाने जमीन ओळखणाऱ्या शेतकऱ्याला आपलं शेत आत आहे की बाहेर, हेच त्यातून कळत नाही. याउलट वन्यजीव कायद्याचं कलम २१ पाहा: अभयारण्यातल्या हक्कांचे दावे मागवणारी जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस गावोगावी प्रादेशिक भाषेत लावली पाहिजे, असं त्यात लिहिलेलं आहे. १९७२ च्या कायद्याला जे सुचलं, ते आजच्या पोर्टलला जमत नाही. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा आठव्या अनुसूचीतल्या भाषांत प्रसिद्ध करायला सांगितलं होतं, ते याच कारणाने.

गावाच्या हातात आज काय आहे?

माहिती अधिकारात तीन गोष्टी मागता येतात: अभयारण्याचा चालू व्यवस्थापन आराखडा, कलम ३३ ब च्या समितीची नावं आणि तिच्या बैठकांची इतिवृत्तं. समितीवरचे पंचायत राजचे तीन प्रतिनिधी कोण आहेत, हे ग्रामसभेत विचारता येतं. हरकत देताना ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर न थांबता गट क्रमांक, पाणी चढल्याच्या तारखा, पंचनाम्याच्या प्रती आणि ग्रामसभेचा ठराव जोडला तर ती बाजूला सारणं अवघड जातं.

वेळही फार नाही. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. घाटांवर जमणाऱ्या गर्दीचं आणि शहराचं सांडपाणी ज्या नदीत जातं, तीच नदी पुढे या बंधाऱ्यात येते आणि जलपर्णीला खत पुरवते. कलम ३३ ब च्या यादीत नाशिक महापालिकाही नाही.