मेमसाहेबांचे बूट

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या उमरखेडच्या बाजारात भलतीच शोधाशोध सुरू होते. यंदा सातवीच्या मुलींना हवे होते घोट्याच्या वर चढणारे, समोर लेस आवळायचे बूट. ‘लगान’ पाहून त्यांनी नाटुकलं बसवलं होतं, आणि मेमसाहेब चपलेत कशी येणार? सगळी दुकानं पालथी घातली. कुणाचे बाबा म्हणाले, “नांदेडहून आणू.” किंमत ऐकून मात्र एकीची आई गप्पच झाली.

‘लगान’ आला २००१ मध्ये, पण त्यातली गोष्ट १८९३ सालची, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. त्याची वेशभूषा केली भानू अथैया यांनी. त्या आपल्या कोल्हापूरच्या! ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर.

आता बुटाची गंमत बघा. चामडं फारसं ताणत नाही. घोट्याच्या वर पाय बारीक, टाच मात्र मोठी. मग पाय आत जाणार कसा? म्हणून बूट समोरून उघडा ठेवायचा आणि पाय गेला की लेसने आवळायचा.

हे कळलं ना, मग घरीच करा. शाळेचे काळे बूट घाला. वर जाड काळ्या कापडाची पट्टी गुंडाळा, समोरच्या दोन्ही कडांना भोकं पाडा आणि लेस उलटसुलट ओवा. काळ्यावर काळी लेस लांबून दिसत नाही, पांढरी घ्या.

आणि पालकहो, बूट नाहीत म्हणून कुणा मुलीचं काम जाऊ नये, एवढं आपण सगळे मिळून बघू या.