झाशीहून निवेदन : विद्यापीठांचा ऑनलाइन ग्रंथशोध दिव्यांग वाचकांना वापरता यावा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांच्या ग्रंथालयांची ऑनलाइन ग्रंथतालिका (ओपॅक) दिव्यांग वाचकांना स्वतः वापरता येईल अशी करण्याबाबत

महोदय,

आम्ही झाशीत राहणारे मराठी भाषक आहोत. आमच्यापैकी काहींची घराणी झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या काळात इकडे आली, काही जण रेल्वेच्या नोकरीनिमित्त आले. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली आणि हिंदी, अशी आमची रीत आहे. या निवेदनावर सह्या करणाऱ्यांत दृष्टिहीन आहेत, अल्पदृष्टी असलेले आहेत, आणि हाताच्या अपंगत्वामुळे माउस धरता येत नाही असेही आहेत. मजकूर लिहिणारा मी पूर्ण दृष्टिहीन आहे आणि झाशी संस्थानाच्या शेवटच्या वर्षांचा अभ्यास करतो.

या अभ्यासाची साधने मोठ्या प्रमाणावर मराठीत आहेत. वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञासाठी उत्तरेत आले आणि इंग्रजांनी 1858 मध्ये घातलेल्या वेढ्यात झाशीतच अडकले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तान्त 1907 साली छापला गेला. द. ब. पारसनीसांनी राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र 1894 साली लिहिले. अशा ग्रंथांच्या जुन्या आवृत्त्या आणि त्यांच्या आधाराने झालेले पुढचे संशोधन महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आहे, म्हणजे आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. मुंबई-पुण्याचा विद्यार्थी निदान ग्रंथपालांच्या टेबलाशी जाऊन विचारू शकतो. आमच्यासाठी ग्रंथालयाचे दार म्हणजे ऑनलाइन ग्रंथतालिका, आणि ते आम्हांला उघडता येत नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. गेल्या उन्हाळ्यात मला पारसनीसांच्या चरित्राची जुनी प्रत शोधायची होती. राज्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे पान उघडले. माझ्या संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे. तो पडद्यावरचे वाचून दाखवतो आणि मी माउसऐवजी टॅबची कळ दाबत पुढे सरकतो. टॅब दाबला, आवाज आला : ‘एडिट, ब्लँक’. ही चौकट पुस्तकाच्या नावाची, लेखकाची की सदस्य क्रमांकाची, हे कळायला मार्ग नव्हता, कारण चौकटीला जोडलेले नावच नव्हते. पुढे ‘बटन’. पुन्हा ‘बटन’. मग ‘ग्राफिक’, आणि त्यापाठोपाठ एका चित्राच्या फाइलचे आकडे. अंदाजाने पहिल्या चौकटीत देवनागरीत ‘झाशी’ लिहून एंटर दाबले. शांतता. निकाल आला की नाही, किती नोंदी मिळाल्या, काहीही ऐकू आले नाही. मेनूतले सगळे दुवे एकेक करून ओलांडत खाली गेलो तेव्हा समजले, नोंद एकही नाही. मग रोमन लिपीत तोच शब्द लिहिला आणि पुन्हा पहिल्यापासून तेच दुवे ओलांडले. या वेळी नोंदींचा तक्ता होता, पण तक्त्याला शीर्षके नव्हती. दाखल क्रमांक, वर्ष, पृष्ठसंख्या हे सारे आकडे एकामागून एक नुसतेच वाचले गेले. पुस्तक उपलब्ध आहे का, याचे उत्तर कुठेच ऐकू येईना. शेवटी शेजारची अकरावीतली मुलगी बोलावली. ती म्हणाली, ‘‘काका, तुमचं पुस्तक पहिल्याच ओळीत आहे. समोर हिरवा ठिपका आहे.’’

पाऊण तास मी ज्याच्या आजूबाजूने फिरलो, ते तिला बसल्या क्षणी दिसले. त्यानंतर प्रत राखून ठेवण्याच्या अर्जात वेडीवाकडी अक्षरे ओळखायची होती. त्यांना आवाजाचा पर्याय नव्हता, म्हणून तीही तिनेच ओळखली. माझा अभ्यास शेजारच्या मुलीच्या मोकळ्या वेळेवर अवलंबून राहावा, हे मला मान्य नाही.

माउस न धरता येणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला तिथली वर्षांची यादी कळफलकाने उघडताच येत नाही. अल्पदृष्टी असलेल्या भगिनी अक्षरे मोठी करतात, तर शोधाची चौकटच पडद्याबाहेर जाते. सावकाश टाइप करणाऱ्याचा अर्ज पुरा होण्याआधी पान मुदत संपल्याचे सांगून बंद होते.

यात नवे यंत्र शोधायचे नाही. चौकटीला नाव देणे, ठिपक्यासोबत ‘उपलब्ध’ हा शब्द लिहिणे, निकालांची संख्या स्क्रीन रीडरला सांगणे, ‘मुख्य मजकुराकडे जा’ हा दुवा सुरुवातीला ठेवणे, ही संगणक विभागाची नेहमीची कामे आहेत. त्यांची मापे ठरलेली आहेत. वेब सुगम्यतेच्या जागतिक निकषांची 2.1 ही आवृत्ती 2018 ची आणि 2.2 ही 2023 ची. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत किमान 4.5 : 1 इतका फरक हवा, इतके नेमके त्यात लिहिलेले आहे. भारताचे स्वतःचे आयएस 17802 हे मानकही आहे. अनेक ग्रंथालये वापरतात ती ‘कोहा’ ही प्रणाली मुक्तस्रोत आहे; तिचा साचा एका विद्यापीठाने नीट केला की तो बाकीच्यांना फुकट घेता येतो.

कायदाही स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचे कलम 42 इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे त्यामागचे कारण होते. 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हे न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काशी जोडले. महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापला आहे, आणि त्याच राज्याच्या विद्यापीठ कायद्यात ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ म्हटले आहे. त्या नावाला जागायचे, तर स्रोतापर्यंत पोचण्याची वाट सर्वांना चालता आली पाहिजे.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी ही की, सर्व सार्वजनिक विद्यापीठांच्या ग्रंथतालिकांची तपासणी करण्याचा आदेश आपल्या विभागाने काढावा आणि दुरुस्तीला मुदत घालून द्यावी. आमच्या मते तपासणीस तीन महिने आणि दुरुस्तीस त्यापुढे सहा महिने पुरेत. ही तपासणी नुसत्या स्वयंचलित साधनाने करू नये. चौकटीला नाव आहे एवढे ते साधन सांगेल, ते नाव बरोबर आहे का हे सांगणार नाही. दृष्टिहीन, अल्पदृष्टी, कळफलकावरच काम करणारे आणि वाचनअक्षम वाचक यांनी प्रत्यक्ष पुस्तक शोधून, राखून, नूतनीकरण करून पाहावे, त्या कामाचे त्यांना मानधन द्यावे आणि अहवाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावा.

यापुढे ग्रंथालयाची कोणतीही प्रणाली किंवा ई-ग्रंथांची वर्गणी घेताना निविदेत आयएस 17802 ची अट असावी, आणि वरील चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय पुरवठादाराचे देयक अदा करू नये. ही अट नसेल तर आज केलेली दुरुस्ती पुढच्या खरेदीत वाहून जाईल.

मराठीविषयीची मागणी आम्ही वेगळी मांडतो, कारण ती दुसरे कोणी मांडणार नाही. कितीतरी मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत आहेत. ‘माझा’ हा शब्द कुणी जे-एच घालून लिहितो, कुणी झेड घालून. एकाच पुस्तकासाठी चार स्पेलिंगे करून पाहावी लागतात, आणि ऐकून शोधणाऱ्याला प्रत्येक प्रयत्न पहिल्यापासून करावा लागतो. मराठी ग्रंथांची नोंद युनिकोड देवनागरीत असावी. जुन्या मराठी पुस्तकांत आमच्या गावाचे नाव ‘झांशी’ असे अनुस्वारासह छापलेले सापडते. एक रूप लिहिल्यावर दुसरेही मिळावे, अशी सोय शोधात हवी. पानाची भाषा मराठी असल्याची खूण पानाच्या कोडमध्ये असावी, नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळून टाकतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या भाषेतले जुने पुस्तक तिच्याच लिपीत शोधता येणे ही आमची रास्त अपेक्षा आहे.

शोधलेले पुस्तक वाचताही आले पाहिजे. प्रताधिकार कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुगम्य प्रत तयार करण्यास मुभा दिली आहे, आणि दृष्टिहीनांना सुगम्य प्रती मिळाव्यात यासाठीचा माराकेश करार स्वीकारणारा भारत 2014 साली जगातला पहिला देश ठरला. तेव्हा तालिकेतच ‘सुगम्य प्रत मागा’ असे बटण असावे आणि प्रत निश्चित दिवसांत मिळावी. पारसनीस 1926 साली वारले. त्यांच्या ग्रंथांना तर प्रताधिकाराची अडचणच नाही. प्रत्येक ज्ञानस्रोत केंद्रात या कामाला एक जबाबदार व्यक्ती असावी. तिचा दूरध्वनी व ई-मेल शोधाच्या पानावरच असावा, आणि राज्याबाहेरील मराठी वाचकालाही तिने उत्तर द्यावे.

इंग्रजांची फौज एप्रिल 1858 मध्ये शहरात शिरली, तेव्हा राजवाड्यातल्या पुस्तकालयाची जी नासधूस झाली ती गोडसे भटजींनी लिहून ठेवली आहे. ती पुस्तके गेली. जी महाराष्ट्रात सुरक्षित आहेत, त्यांच्यापर्यंत आम्हांला स्वतःच्या बोटांनी आणि कानांनी पोचायचे आहे.

तपासणीसाठी आम्ही झाशीहून, आमच्या संगणकांवरून, आपण सांगाल त्या दिवशी सहभागी होण्यास तयार आहोत. या निवेदनाचे उत्तर कृपया ई-मेलमध्ये युनिकोड मजकूर म्हणून पाठवावे. सही-शिक्क्याच्या पत्राची स्कॅन केलेली प्रत स्क्रीन रीडरला नुसते चित्र वाटते, आणि तिच्यासाठी मला पुन्हा शेजारी हाक मारावी लागेल.

आपले नम्र,
झाशीतील मराठी भाषक दिव्यांग वाचक व त्यांचे सहकारी
स्थळ : झाशी, उत्तर प्रदेश

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. कुलगुरू, राज्यातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे