अष्टविनायक पायी : उजवीकडून की डावीकडून?

राजीनामा दिलाय, नोटीस पिरियड संपत आलाय आणि नवी कंपनी म्हणतेय, ‘पुढच्या महिन्यात जॉइन व्हा.’ म्हणजे हातात चक्क तीस दिवस! रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांच्या, कारेगावात तिघांत एक खोली घेऊन राहणाऱ्यांच्या आयुष्यात असा महिना वारंवार येत नाही. कुणी गावी जाऊन झोपा काढतं, कुणी गोव्याला पळतं. आणि एखाद्याच्या डोक्यात किडा वळवळतो... अष्टविनायक करायचे, पण चालत!

आयडिया झक्कास आहे. मग बूट कुठले, सॅक किती लिटरची, सोबत कोण, यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास चर्चा झडते. एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. महागणपतीला नमस्कार करून देवळाबाहेर आलात, आता वळायचं कुठे? सिद्धटेककडे की ओझरकडे?

हसू नका. फेरी गोल असली तरी तीस दिवसांचं गणित या एका वळणावर ठरतं.

दूर चालणाऱ्यांच्या जगात हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेतली अॅपलेशियन ट्रेल साधारण ३,५०० किलोमीटरची. बहुतेक लोक वसंतात दक्षिणेकडच्या जॉर्जियातून निघतात आणि थंडी पडायच्या आत उत्तरेला मेनमधल्या कटाडिन डोंगरावर पोहोचतात. ही वाट सलग चालल्याची पहिली नोंद ज्याच्या नावावर आहे, तो अर्ल शेफर १९४८ साली उत्तरेकडे गेला आणि १९६५ साली तीच वाट उलट चालला. आपल्याकडे नर्मदा परिक्रमेत मात्र चॉइसच नाही. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. सलग जमत नसेल तर तुकड्यातुकड्यांनी ‘खंड परिक्रमा’ करा, पण दिशा तीच!

अष्टविनायकाचं काय? प्रथेचा क्रम सगळ्यांना पाठ असतो. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि सांगतेला पुन्हा मोरगाव. गाडीत बसून ठीक आहे. पायी मात्र सिद्धटेकहून पालीला जाताना थेऊरच्या जवळून पुढे निघून जायचं, कोकणात उतरायचं आणि मग पुन्हा घाट चढून थेऊरला यायचं! नकाशावर ढोबळ माप घेतलं तर शंभरेक किलोमीटरचा फरक पडतो. म्हणजे चालण्याचे चार-पाच दिवस. पुण्याहून सुटणाऱ्या दोन दिवसांच्या टूरसुद्धा हा क्रम सोयीनुसार बदलतात, तर चालणाऱ्याने का बदलू नये?

म्हणून सरळ वर्तुळ काढा. रांजणगाव, सिद्धटेक, मोरगाव, थेऊर, पुणे, मग मुळशीच्या बाजूने तैलबैल. तिथून सवाष्णी घाटाने धोंडशाला उतरून पाली. पुढे महड, कर्जत, मुरबाड, वैशाखरे आणि नाणेघाटाने वर. जुन्नर, लेण्याद्री, ओझर आणि परत रांजणगाव. साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर होतील. दिवसाला सरासरी २२ धरले तर पंचवीस ते सत्तावीस दिवस, उरलेले दिवस पायांच्या लाडांसाठी.

हे वर्तुळ घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं, म्हणजे प्रदक्षिणाच. पण मी हीच दिशा सुचवतोय त्याची कारणं अगदीच संसारी आहेत.

पहिलं कारण गुडघे. सिद्धटेक-मोरगाव-थेऊर हा पट्टा जवळपास सपाट. ऊस, कांदा, वाड्या-वस्त्या, दर थोड्या अंतरावर चहा. पाठीवरच्या सॅकची सवय व्हायला याहून चांगली शाळा नाही. सिद्धटेकला देवळाची प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या टेकडीला वळसा, तेवढाच एक्स्ट्रा व्यायाम! उलट फिरलात तर पाचव्या-सहाव्या दिवशीच नाणेघाटाच्या दगडी वाटेने खाली उतरायचं. कच्च्या पायांना चढापेक्षा उतार जास्त छळतो. या दिशेनेही सवाष्णीचा उतार आहेच, पण तोवर दोन आठवडे चालणं झालेलं असतं.

दुसरं कारण पुणे. या दिशेने पुणे दहाव्या दिवसाच्या आसपास येतं. तोपर्यंत दोनशेच्या वर किलोमीटर झालेले असतात. बूट चावतोय का, सॅकमधली तिसरी जीन्स कशाला घेतली, जोडीदाराशी पटतंय का, सगळं कळून चुकतं. बूट बदला, फालतू सामान कुरिअर करा. आणि अगदीच नको झालं तर पीएमपीची बस आहेच. डावीकडून निघालात तर पुणे येईपर्यंत दोन तृतीयांश वाट संपलेली असते, तोवर चावणारा बूट आपलं काम करून गेलेला असतो.

तिसरं कारण ऊन. शहाणा चालणारा सकाळी चालतो. सिद्धटेकपर्यंतचे पहिले तीन दिवस सोडले तर कोकणात उतरेपर्यंत तुमचा रोख बहुतेक पश्चिमेकडे, सकाळचं ऊन पाठीवर. जुन्नरकडून पूर्वेला वळाल तेव्हा ते तोंडावर येईल, पण जानेवारीतल्या जुन्नरच्या गारठ्यात ते हवंसंच वाटतं.

आणि चौथं कारण, शेवट गोड व्हावा. शेवटचा आठवडा कसा घालवायचाय? ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून डांबरी रस्त्यावर, की सातवाहनांच्या नाणेघाटातून वर येऊन? घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण दिसला की हसू येईल. तिथून रांजणगावपर्यंतचं अंतर चार-पाच दिवसांचं!

आता ‘पण’.

ओझर ते रांजणगाव हा शेवटचा टप्पा जुन्नर, आंबेगाव, शिरूर या बिबट्यांच्या पट्ट्यातून जातो. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली, त्यात लहान मुलंही होती. घराची ओढ लागलेला माणूस पहाटे चारला निघतो, तेच इथे करायचं नाही. उजाडल्यावर निघा, अंधाराच्या आत मुक्काम गाठा, उसाच्या कडेने एकटे जाऊ नका. एक दिवस जास्त लागू दे. शेवटच्या टप्प्यासाठी तो आधीपासूनच राखून ठेवा, म्हणजे जॉइनिंग डेटची घाई अंगावर येणार नाही.

दर वीकएण्डला सह्याद्री तुडवणाऱ्यांना मात्र माझं पहिलं कारण लागू नाही. त्यांनी खुशाल डावीकडून निघावं. आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर सुट्टी मिळत असेल तर अख्ख्या फेरीचा हट्टच सोडा. मार्चमधलं कोकण चालणाऱ्याला उकडून काढतं. तेव्हा फक्त रांजणगाव ते पुणे एवढाच खंड करा, उरलेला पुढच्या हिवाळ्यात. परिक्रमावाल्यांना खंड चालतो, आपल्याला का नाही?

राहिला घरचा प्रश्न. ‘मोरगावापासून सुरुवात नाही केलीस तर ती यात्रा कसली?’ असं आई म्हणणारच. त्यावरही तोड आहे. एसटीने मोरगाव गाठा आणि तिथून याच दिशेने निघा. थेऊर, पाली, महड, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव, सिद्धटेक आणि परत मोरगाव. मधला क्रम बदलला तरी सुरुवात आणि सांगता तिच्या मनासारखी. सपाट वाट थोडी कमी मिळेल, पण आईचा चेहरा पाहता एवढं परवडतं. मुक्कामासाठी आधी फोन करा. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक ही तिन्ही देवळं चिंचवड देवस्थानच्या व्यवस्थेत आहेत, ओझर आणि रांजणगावला भक्तनिवास आहेत.

थोडक्यात, नकाशा उघडलात की सगळ्यात सुंदर जागा कुठली, हे आधी बघू नका. अकराव्या दिवशी, पाय भरून आलेले असताना, आपण कुठे असलेलं बरं, ते बघा. दिशा आपोआप ठरेल.

आणि हो, हमरस्त्यावर चालताना नेहमी उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. त्यात मात्र चॉइस नाही!