उघडी राहिलेली दारे

३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात जटलंडची लढाई पेटली. दुपारी चारच्या सुमारास ‘इन्डिफॅटिगेबल’ ही ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोट होऊन बुडाली. पंचवीसेक मिनिटांत ‘क्वीन मेरी’ फुटली. संध्याकाळी साडेसहानंतर ‘इन्व्हिन्सिबल’चे दोन तुकडे झाले, तिच्यावरच्या हजारावर माणसांपैकी सहा वाचली. तिन्ही जहाजांवर मिळून ३,३००हून अधिक माणसे गेली. गोळे जर्मनांचे होते. पण जहाजे फोडली ती त्यांच्याच पोटातल्या दारूने, आणि ती दारू पेटण्याची सोय जहाजावरच्यांनीच करून ठेवली होती. या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी ती आज सांगणे भाग आहे. कारण त्या आपत्तीमागचा विचार अजून मेलेला नाही, आणि आपल्या दारातही तो उभा आहे.

सुरुवात नेमापासून झाली. १९०६च्या ‘ड्रेडनॉट’वर १२ इंची दहा तोफा होत्या; दहा वर्षांच्या आत ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गाच्या जहाजांवर १५ इंची तोफा आल्या, एकेक गोळा सुमारे ८७० किलोचा. तोफेची पोच माणसाच्या नजरेच्या पलीकडे गेली. चौदा किलोमीटरवर डागलेला गोळा वीसहून अधिक सेकंद हवेत असतो. तेवढ्यात २५ नॉट वेगाचे जहाज अडीचशे मीटर पुढे सरकते. म्हणजे नेम धरायचा तो जहाज आहे तिथे नव्हे, जहाज जिथे असेल तिथे. हे गणित सोडवण्यासाठी अंतरमापक आले, ड्रेयर यांचे टेबल आणि पोलेन यांचे आर्गो क्लॉक ही हिशेबाची यंत्रे आली. पर्सी स्कॉट यांनी सगळ्या तोफांचा नेम उंचावरच्या एकाच दुर्बिणीतून धरायची ‘डायरेक्टर’ पद्धत पुढे रेटली. नोव्हेंबर १९१२मध्ये ‘थंडरर’ आणि ‘ओरायन’ या दोन ब्रिटिश युद्धनौकांची तुलनात्मक चाचणी झाली. डायरेक्टर असलेल्या ‘थंडरर’ने सहापट गोळे लक्ष्यावर लावले. एवढा रोखठोक पुरावा हाती असूनही ऑगस्ट १९१४मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ही यंत्रणा जेमतेम आठ बॅटलशिपवर बसली होती.

यंत्र बसले तरी हात बसावा लागतो. बॅटलक्रूझरांचा तळ रोसाइथला, फोर्थच्या खाडीत होता. तिथे मोठ्या तोफांच्या सरावाला पुरेशी मोकळीक नव्हती. नेम कच्चा राहिला आणि त्यावर उतारा शोधला गेला तो वेगाचा: शत्रूच्या आधी डागा, भराभर डागा. नेमबाजीतली उणीव अशा रीतीने दारूकोठारात उतरली. कॉर्डाइट या तोफेच्या दारूच्या पिशव्या रेशमी कापडाच्या असत आणि त्यांच्या टोकाला पेट घेण्यासाठी काळी बारूद शिवलेली असे. अशा पिशव्या लागतील तशा कोठारातून काढायच्या, हा नियम. पण वेळ वाचावा म्हणून डब्यांची झाकणे आधीच काढली गेली, पिशव्यांच्या राशी तोफांच्या बुरुजाखाली रचल्या गेल्या, कोठारांची दारे उघडी ठेवली गेली. वरून ठिणगी पडली की तळापर्यंत तिला अडवणारे काही उरले नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. इथे ठेच दोनदा लागली होती. २६ नोव्हेंबर १९१४ रोजी शीअरनेसजवळ नांगरलेली ‘बुलवर्क’ ही ब्रिटिश युद्धनौका शत्रू जवळपास नसताना फुटली आणि सातशेहून अधिक माणसे गेली; दारूच्या पिशव्या कोठाराबाहेर ठेवल्या गेल्याचे चौकशीत पुढे आले. २४ जानेवारी १९१५ रोजी डॉगर बँकच्या लढाईत एका ब्रिटिश गोळ्याने जर्मन ‘झायडलिट्झ’चे मागचे दोन्ही बुरूज जाळले. दीडशेहून अधिक माणसे होरपळली. कोठारात वेळीच पाणी सोडले म्हणून जहाज वाचले. जर्मनांनी त्यातून बोध घेतला आणि बुरुजांत उघडी दारू ठेवण्यावर बंधने आणली. ब्रिटिश बॅटलक्रूझरांनी त्याच लढाईतून घेतलेला धडा होता आणखी वेगाने डागण्याचा.

त्याच ताफ्यात एक माणूस वेगळे बोलत होता. ताफ्याचे प्रमुख बीटी यांच्या ‘लायन’ या ध्वजनौकेवर अलेक्झांडर ग्रँट नावाचे वॉरंट अधिकारी तोफखान्यावर आले. कोठाराची अवस्था पाहून ते हादरले. लागेल तेवढीच दारू बाहेर काढायची, उरलेली झाकून ठेवायची, दारे लावायची, ही शिस्त त्यांनी पुन्हा बसवली. त्याने वेग मंदावेल असा आक्षेप येणारच होता. सराव घेऊन त्यांनी दाखवून दिले की तोफांना पुरवठा कमी पडत नाही. जटलंडच्या दिवशी ‘लायन’च्या मधल्या बुरुजाचे छत उडाले. मेजर फ्रान्सिस हार्वे मरणाच्या दारात होते. त्यांनी बोलनळीतून हुकूम दिला, कोठाराची दारे लावा, पाणी सोडा. काही वेळाने बुरुजात उरलेली दारू भडकली आणि तिथली माणसे गेली, पण आग दाराशी थांबली. ‘लायन’ तरली. हार्वे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

लढाईनंतर चिलखत जाड करण्याची चर्चा उच्चरवाने झाली. दारू हाताळण्याच्या सवयीबद्दल बोलणे अवघड होते, कारण त्याचे उत्तर पोलादाकडे नव्हे, अधिकाऱ्यांकडे मागावे लागले असते.

हे परदेशातले जुने प्रकरण म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी आपल्या तारखा पाहाव्यात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले. सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी युद्धाच्या घाईत एकाच जहाजात भरल्या होत्या. ६६ अग्निशामक जवान गेले. ३१ मे २०१६ रोजी, जटलंडला बरोबर शंभर वर्षे होत असताना, वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात आगीने अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांचे बळी घेतले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार घरी परतले नाहीत. या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत, एकाचा ठपका दुसऱ्यावर ठेवता येणार नाही. पण दारूगोळ्याचे उत्पादन वाढवण्याचा रेटा दरवर्षी वाढतो आहे, आणि रेटा वाढला की पहिला घाला सुरक्षेच्या नियमावर पडतो, हे इतिहास पुन्हा पुन्हा सांगतो.

म्हणून काही गोष्टी आत्ताच व्हायला हव्यात. स्फोट झाल्यावरच नव्हे, थोडक्यात टळलेल्या प्रत्येक प्रसंगाची नोंद आणि चौकशी झाली पाहिजे. धोका दिसताच काम थांबवण्याचा अधिकार सर्वांत खालच्या कामगारालाही असला पाहिजे, आणि तो वापरल्याबद्दल त्याला शिक्षा होता कामा नये. चौकशी अहवालातले, गोपनीयतेला बाधा न आणणारे निष्कर्ष लोकांसमोर आले पाहिजेत. अधिकाऱ्याचे मूल्यमापन उद्दिष्टाच्या आकड्याइतकेच नियमपालनावरही झाले पाहिजे. यातले काहीही खर्चिक नाही. ग्रँट यांनाही नवी यंत्रे लागली नव्हती.

हार्वेंच्या शौर्यापुढे माथा झुकतो. पण मरता मरता दार लावायला सांगणारा माणूस दरवेळी वेळेवर हजर असेल, या भरवशावर हजारोंचे जीव टांगता येत नाहीत. आपल्या कारखान्यांत आणि भांडारांत हार्वेंची गरज पडू नये असे वाटत असेल, तर तिथल्या ग्रँटचे आज ऐकावे लागेल.